नदीचे नियम नदीकाठच्या माणसाला आधी कळू द्या

कर्जत आणि खालापूरच्या रहिवाशांनो, पाऊस जेमतेम दीड महिन्यावर आला आहे आणि १ मेची ग्रामसभा त्याहून जवळ. या दोन तारखांच्या मधे एक काम उरकून घ्यायचं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे, आणि ती याच महिन्यात हवी आहे.

काम असं: आपल्या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक नदीचे, धरणाचे, पाझर तलावाचे आणि धबधब्याचे नियम मराठीत, एका जागी, मोबाईलवर शोधले की सापडतील असे लावून घ्यायचे. पाण्यापर्यंत जायची वाट कुठून आहे, पाणी कुणाच्या ताब्यात आहे, उतरायला बंदी आहे का आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, मासे कुणी धरायचे, कशानं धरायचे, केव्हा धरायचे नाहीत. एवढंच. नवा कायदा नको, नवं महामंडळ नको, नवा निधीही फारसा नको. माहिती आज कुठे ना कुठे लिहिलेली आहेच. ती कुणाला सापडत नाही, हे आपलं दुखणं आहे.

का सापडत नाही, ते बघा. मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे, पण मालक नवी मुंबई महानगरपालिका. डोणवत, भिलवले, कलोते आणि कर्जतचं पाली-भूतिवली ही पाटबंधाऱ्याची धरणं. त्यातल्या माशांचा ठेका देण्याचं काम मत्स्यव्यवसाय खात्याकडे, त्याचं जिल्ह्याचं कार्यालय अलिबागला. गावतळ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. धबधबा बहुतेक वेळा वनखात्याच्या हद्दीत. पावसाळ्यात पाण्यात उतरायला बंदी घालणारा आदेश महसूल खात्याचा. तो मोडला तर अडवणार पोलीस. आणि पाण्यात कारखान्याचं काही मिसळलं तर तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. एका ओढ्यावर सकाळी गळ टाकायचा तर यातल्या कुणाला विचारायचं, हे सांगणारं एकही पान नाही. माणूस शेवटी ज्याला विचारता येईल त्यालाच विचारतो, म्हणजे चहाच्या टपरीवाल्याला. तो बिचारा त्याच्या कानावर आलेलं सांगतो.

रायगडच्या समुद्राचं उदाहरण घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, हे रेवदंड्याच्या पोरालाही पाठ आहे. दरवर्षी आदेश निघतो, वर्तमानपत्रात येतो, बंदरावर लागतो, आकाशवाणीवर सांगतात. त्याच जिल्ह्यात, डोंगराच्या या बाजूला, उल्हास, पेज, चिल्हार, पोशीर आणि पाताळगंगा या नद्यांचं काय? गोड्या पाण्यातल्या माशांचा कायदा आपल्याकडे आहे. डायनामाइट लावून किंवा विष कालवून मासे मारायला देशात १८९७ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे. जलाशय मासेमारीला ठेक्यानं द्यायचं सुधारित धोरण २०१९ च्या जुलैत आलं. पण भिलवल्याच्या काठावर उभं राहून ‘मी घरापुरते चार मासे गळानं धरले तर चालेल का’ या साध्या प्रश्नाचं उत्तर मोबाईलवर शोधा. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर धोरण सापडेल, पानंच्या पानं. तुमच्या तळ्याचा ठेका आज कोणत्या संस्थेकडे आहे, कधी संपतो आणि ठेक्याच्या अटीत काठावरच्या माणसाला काय मुभा आहे, हे त्यात नसतं. ते एका फायलीत असतं.

या गोंधळाचा पहिला फटका कुणाला बसतो? पर्यटकाला नाही. तो फार तर गाडी वळवून दुसरीकडे जातो. फटका बसतो तो वाडीवरच्या माणसाला. आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी वाड्या आहेत. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कमाई आधी घेतलेली उचल फेडण्यात गेलेली असते. मग जून-जुलैत घरात शिजतं ते रानातली भाजी आणि पाण्यातलं जे मिळेल ते. पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्यातून वर, भातखाचरापर्यंत चढतात. ही वलगण लागली की रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी बांधावर असते. शिंगटी, मळे, मुठे, चिंबोऱ्या. हे काही कुणी मौजेखातर करत नाही.

गेल्या पावसाळ्यात पोशीरच्या काठावर एक बाई भेटल्या. कमरेला मासे ठेवायची टोपली, हातात लहानसं जाळं, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. काठाला नवं तारेचं कुंपण पडलेलं. त्याला पाठ लावून दोघी उभ्या होत्या. नेहमीची उतरण कुंपणाच्या आत गेली होती. आतल्या रखवालदारानं सांगितलं होतं की मासे मारायला सरकारची बंदी आहे. मी विचारलं, कुठली बंदी, कागद दाखवला का? “कागुद कुठं, दादा. बंदी हाय म्हनला. कोनी केली, कवा उठायची, ते काय ठावं नाय.” मलाही ठाऊक नव्हतं. मी तिथंच उभं राहून मोबाईलवर पंधरा मिनिटं शोधलं. त्या जागेचे फोटो निघाले, जवळच्या फार्महाऊसचे दर निघाले, ‘रिव्हर टच’ प्लॉटच्या जाहिराती निघाल्या. नियम काही निघाला नाही. त्या दोघी वरच्या अंगाला, जिथं धार जोरात आहे, तिकडे निघून गेल्या.

रखवालदार खरं बोलत होता की खोटं, हे तिथं कुणालाच ठरवता आलं नाही. अशा वेळी ज्याच्या हातात काठी असते त्याचा शब्द नियम ठरतो. हे बदलायला हवं.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट बघू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव आणि वाहतं-साचलेलं पाणी, जे कुणाच्या खासगी मालकीचं नाही ते, शासनाचं आहे. काठाचा सर्व्हे नंबर विकत घेतला म्हणून नदी विकत मिळत नाही. वाटेचं तसंच. गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते, आणि हा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. शेतीच्या, चराईच्या किंवा मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही सहा महिन्यांची मुदत किती वाड्यांना माहीत आहे? कुंपण पावसाळ्यात पडतं, लोक भट्टीवरून परत येईस्तोवर मुदत सरलेली असते.

आणखी एक तरतूद. महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये गावागावातल्या वाटेच्या, पाण्याच्या आणि मासेमारीच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणून नोंदवायची सोय आहे, ती शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलं आहे. रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार आपल्या वाड्यांना मिळत नाही. म्हणूनच वनहक्काच्या दाव्यात डोह, ओढे आणि तळी नावानिशी लिहिली गेली आहेत की नाहीत, याला आपल्याकडे जास्त मोल आहे. ज्या गावांचे सामूहिक दावे मंजूर झाले, त्यांच्या नकाशात कोणतं पाणी आलं हे त्या गावातल्या शाळेतल्या मुलालाही वाचता आलं पाहिजे.

आता दुसरी बाजू, जीव वाचवण्याची. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईहून सोंडाई किल्ल्यावर आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी चौघं परतीच्या वाटेवर धावरीच्या पाण्यात बुडाले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला घाटाच्या वर, लोणावळ्याला, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दरवर्षी आषाणे, बेकरे, आडोशी, झेनिथ या धबधब्यांची नावं बातमीत येतात आणि आपल्या इथली पोरंच दोर घेऊन, जिवावर उदार होऊन खाली उतरतात. बंदीचा आदेश निघालेला असतो. तो लोकांपर्यंत कसा पोचतो? मोबाईलवर फिरणाऱ्या एका तिरक्या फोटोतून. शिक्का दिसतो, मजकूर पुसट असतो, तारीख घडीत गेलेली असते. फोटोतला असा पुसट मजकूर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून ‘आषाणे धबधबा बंद आहे का’ असं शोधणाऱ्याला आदेश दिसत नाही. त्याला चार तारे मिळालेलं पर्यटनस्थळ दिसतं आणि तिथं जायचा रस्ता दिसतो.

तारखेचा मुद्दा कागदी नाही. असे मनाई आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. दोन्हींत असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, राज्य शासनानं मुदत वाढवली तरच पुढे चालतो. म्हणजे जूनचा फोटो दाखवून डिसेंबरात कुणी वाडीवरच्या माणसाला ओढ्यावरून हाकलत असेल, तर मुदत वाढल्याचा कागद मागायचा हक्क त्याला आहे. आणि जुलैत आदेश लागू असताना ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय मुंबईहून आलेल्या कुणाला राहता कामा नये. सुरुवातीची आणि शेवटची तारीख ठळक छापलेलं एक पान या दोघांचीही सोय करतं.

पेज नदीविषयी वेगळं सांगावंच लागेल. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे आटतात तेव्हा पेज वाहती असते, कारण भिवपुरीच्या वीजघरातून निघालेलं पाणी तिच्यात येतं. १९२२ पासून हे चालू आहे. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकतं. तिकडे खोपोलीच्या वीजघराच्या पाण्यावर पाताळगंगा बारमाही झाली. पण वीजघर मुंबईच्या विजेच्या गरजेप्रमाणे चालतं. आकाशात एक ढग नसताना पेजची पातळी अचानक वाढते, ती यामुळे. कपडे धुणाऱ्या, गुरं धुणाऱ्या बायाबापड्यांना हे अनुभवानं कळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं बंगला घेतलेल्या कुटुंबाला ते कळायला काहीच मार्ग नाही. या दोन नद्यांच्या पानावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, हेच लिहिलेलं असावं: पाणी पावसाशिवायही चढतं.

काही जण म्हणतील, माहिती अशी उघड केली तर गर्दी आणखी वाढेल. शंका रास्त आहे, माझ्याही मनात ती होती. पण गर्दी रील बघून येतेच आहे. जागा तिला सापडली आहे, नियम तेवढा सापडलेला नाही. शिवाय यादी करणं म्हणजे सगळं दाखवणं नव्हे. वाडीचा पिण्याच्या पाण्याचा झरा, देवाचा डोह, मासे अंडी घालतात ती जागा, यांचा नेमका पत्ता द्यायचा की नुसतं ‘इथं येऊ नये’ लिहायचं, हे ग्रामसभेनं ठरवावं. आपल्याच जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथं कुणी गळ टाकत नाही. त्या नियमाला संकेतस्थळ लागलं नाही, कारण पंचक्रोशीत तो सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे दर शनिवारी हजारो अनोळखी माणसं येतात, जमिनी दर वर्षाला हात बदलतात, आणि जुन्या माणसांच्या तोंडी असलेले नियम नव्या कुंपणांच्या पलीकडे जात नाहीत. आता ते लिहावेच लागतील.

हे जमण्यासारखं आहे का? इंग्लंडात १३ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर सरकारी परवाना लागतो. तो घरबसल्या मिळतो, आणि कोणत्या भागात कोणत्या महिन्यात बंदी, केवढा मासा परत सोडायचा, हे भागवार त्याच सरकारी संकेतस्थळावर वाचायला मिळतं. आपल्याला परवाना पद्धत उचलायची नाही. वाडीवरच्या माणसावर आणखी एक कागद लादला जाईल, त्याला माझा साफ विरोध आहे. उचलायची ती एवढीच गोष्ट, की नियम पाळायला सांगण्याआधी तो दाखवायची जबाबदारी सरकारची. आणि हे तर आपल्या कायद्यातच आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयानं १७ प्रकारची माहिती कुणी न मागता जाहीर करायची आहे, इंटरनेटवर ठेवायची आहे, स्थानिक भाषेत द्यायची आहे. हेतूही तिथंच लिहिला आहे: लोकांना अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी. सातबारा ऑनलाइन आला, गटाचा नकाशा ऑनलाइन आला. शेजाऱ्याच्या बांधाची माहिती मोबाईलवर मिळते, मग गावच्या तळ्याची का मिळू नये?

आता प्रत्यक्ष करायचं काय ते सांगतो.

१ मेच्या ग्रामसभेला जा. विषयपत्रिकेवर ‘गावातले पाणवठे, त्यांच्या वाटा व नियमांची यादी’ हा विषय घ्या म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी द्या. सभेत म्हाताऱ्या माणसांना आणि मासे धरणाऱ्या बायकांना पुढे बसवा. डोहांची नावं, उतरणीची नावं, चढणीची ठिकाणं त्यांनाच ठाऊक आहेत. सातबाऱ्यावर ती नाहीत. शाळेतल्या मुलांना वही घेऊन लिहायला बसवा. प्रत्येक पाणवठ्यापुढे नाव, वाट, ताबा कुणाचा, कोण वापरतं, काय बंदी आहे असं समजलं आहे, एवढे रकाने पुरेत. ठराव करा आणि त्याची प्रत तहसीलदार, प्रांत आणि गटविकास अधिकारी यांना पाठवा.

ठराव गेला की माहितीचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून पसारा नको. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला एवढंच विचारा: कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठेक्यानं दिलेल्या सर्व तलावांची व जलाशयांची नावं, ठेका घेणारी संस्था, मुदतीच्या तारखा आणि करारातल्या अटींची प्रत द्या, आणि हीच माहिती कलम ४ प्रमाणे संकेतस्थळावर कुठे ठेवली आहे ते सांगा. पाटबंधारे खात्याला धरणाच्या हद्दीचा नकाशा आणि उतरायची ठिकाणं वेगळ्या अर्जात विचारा. एका गावचा एक अर्ज गेला तर तो फायलीत बसेल. चाळीस गावांचे चाळीस गेले तर पान तयार करणंच साहेबांना सोपं वाटेल.

कर्जतच्या प्रांत कार्यालयाला आणि अलिबागच्या जिल्हा प्रशासनाला माझी हात जोडून विनंती आहे. यंदाचा पावसाळी मनाई आदेश काढाल तेव्हा तो टंकित मजकुरात चढवा, फोटोच्या रूपात नको. धबधब्यांची आणि धरणांची नावं लोक बोलतात तशी लिहा, कारण लोक तशीच शोधतात. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख. मुदत संपली की ‘संपला’ असा शेरा. घरापुरते मासे धरणाऱ्या स्थानिकांना हा आदेश लागू आहे की नाही, हे एका वाक्यात स्पष्ट करा. या एका वाक्याअभावी वाड्यांवर फार त्रास होतो. आणि पान झालं की त्याची छापील प्रत रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि भिवपुरी रोड, कर्जत, नेरळ, खोपोली स्टेशनांवर लावा. वाडीत सगळ्यांच्या हातात मोबाईल नसतो, आणि जिथे मोबाईल आहे तिथे रेंज नसते.

बंगलेवाले, फार्महाऊसवाले, तुम्हालाही सांगणं आहे. तुम्ही आता इथलेच. तुमच्या हद्दीतून नदीकडे जाणारी जुनी वाट असेल तर गाव नकाशा काढून बघा, आणि असेल तर कुंपणाला फाटक ठेवा. पाहुण्यांना घर देताना नदीचा नियम आणि पाणी चढण्याची सूचना आधी सांगा. मच्छिमार सहकारी संस्थांनी आपल्या ठेक्याचा कागद काठावर लावावा. ठेका खरा असेल तर तो दाखवण्यात तुमचंच भलं आहे, कारण रात्री जिलेटिन लावणारा आणि विष कालवणारा तुमचंच बीज मारतो. त्याला पकडायचं तर कुणाला फोन करायचा, हेही त्या पानावर असू द्या. पाताळगंगेला एखाद्या सकाळी मेलेले मासे वर आले तर फोटो कुठे पाठवायचा, तेही.

तालुक्यातल्या महाविद्यालयांतल्या मुलांनो, संगणक तुम्हाला येतो, मराठी टंकता येतं. गावांनी हातानं लिहिलेल्या याद्या टंकून द्या, नकाशावर खुणा करा. मात्र सरकारी कागद हाती असल्याशिवाय ‘परवानगी आहे’ असं कुठंही लिहू नका. चुकीच्या पानावर विसंबून कुणी पाण्यात उतरला तर ते फार महागात पडेल. जिथे कागद मिळाला नाही तिथे ‘अजून उत्तर आलेलं नाही’ असं तारखेसह लिहा. तेही छापलं गेलं पाहिजे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे ठराव घेऊन जा. अलिबागचा फेरा लांब आहे, एसटीनं दिवस जातो. म्हणून चार-पाच गावांनी मिळून दोघांना पाठवा, त्यांच्या भाड्याची वर्गणी काढा. कुठल्याही कार्यालयात काहीही दिलं तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि ती पोच ग्रामपंचायतीच्या फायलीत लावा.